गाडी आपली, चावी आपली

नेवासा तालुक्यातल्या बचत गटांमधल्या सगळ्या ताया, वहिनी, मावश्या आणि आज्या, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी गोठ्यात धार काढत असाल, तुम्हा सगळ्याजणींना आम्हा समन्वयक मैत्रिणींचा नमस्कार.

एरवी आम्ही तुमच्याशी बोलतो ते दशसूत्रीबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल, शेळीच्या लसीबद्दल, नाहीतर कांदा चाळीबद्दल. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज आपण बोलणार आहोत स्पोर्ट्‌स कारवर. ती जमिनीला टेकलेली, चपटी, लालभडक, रस्त्यावरून गेली की माणसं मान वळवून बघतात ती गाडी.

हा विषय आला एका गटाच्या बैठकीतून. बैठक संपली, वह्या मिटल्या, चहा आला, आणि एका ताईंच्या कॉलेजातल्या लेकीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पुण्याची एक बाई हेल्मेट घालून शर्यतीच्या गाडीत बसते आणि वाऱ्यासारखी निघून जाते. मग सुरू झाल्या गप्पा. एकजण म्हणाल्या, "एवढ्या पैशात किती एकर रान येईल?" दुसऱ्या म्हणाल्या, "दोनच माणसं बसतात? मग पोरं कुठं बसवायची, आणि भाजीची पाटी कुठं ठेवायची?" सगळ्या हसल्या. पण कोपऱ्यात बसलेल्या एक वहिनी हळूच म्हणाल्या, "अगं, पण ती चालवताना तिला कसं वाटत असेल?"

त्या प्रश्नाला बैठकीत कुणाकडंच उत्तर नव्हतं. आम्ही त्यावर वाचलं, माहिती काढली, आपसात बोललो. तेच आज सांगतो.

आधी ही गाडी असते काय ते बघू. आपल्याकडं ऊस वाहणारा ट्रॅक्टर साधारण ४५ ते ५० अश्वशक्तीचा असतो. सोनईच्या नाहीतर भेंड्याच्या कारखान्याकडं जाताना तो उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतो, तेव्हा त्याचा आवाज दोन शेतं पलीकडं ऐकू येतो. आता सचिन तेंडुलकरकडं जी फेरारी होती, ३६० मोडेना नावाची, तिची ताकद होती सुमारे ४०० अश्वशक्ती. म्हणजे आठ ट्रॅक्टरचं बळ. आणि वजन ट्रॅक्टरपेक्षा कमी, दीड टनाच्या आत. ट्रॅक्टरचं सगळं बळ ओढण्यासाठी लावलेलं असतं, या गाडीचं सगळं बळ पळण्यासाठी. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला साडेचार सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. माउलींचं नाव शांतपणे दोनदा घ्यावं, एवढाच तो वेळ.

ती जमिनीला टेकलेली का असते, तेही समजून घेऊ. वर उंच भरलेली उसाची ट्रॉली वळणावर कलंडते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वजन जेवढं वर, तेवढी कलंडायची भीती जास्त. म्हणून या गाडीत इंजिन, सीट, सगळं जमिनीजवळ ठेवतात. टायर रुंद असतात, म्हणजे रस्त्यावर पकड चांगली बसते. आणि ब्रेक मोठे असतात. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. जी गाडी जास्त पळते, तिचे ब्रेक सगळ्यात चांगले लागतात. थांबता येत असेल तरच पळण्यात मजा आहे. कर्ज घेतानाही आपण गटात हेच सांगतो, नाही का?

आता त्या वहिनींचा प्रश्न. चालवताना कसं वाटत असेल?

ज्यांच्या घरी खिल्लारी बैलजोडी होती, त्यांना हे लवकर कळेल. चांगल्या बैलाला ओरडावं लागत नाही. कासरा जरासा हलवला की त्याला कळतं कुठं वळायचं. माणूस आणि बैल दोन वेगळे राहत नाहीत. चांगल्या स्पोर्ट्‌स कारचं वर्णन चालवणारे असंच करतात. स्टिअरिंग थोडंसं वळवलं की गाडी तिथंच जाते. पाय दाबला की तात्काळ उत्तर देते. रस्ता कसा आहे, खडी आहे की गुळगुळीत, ते हाताला आणि पाठीला कळत राहतं. आपल्या मनात आलं आणि तिनं केलं, हा तो आनंद. वेगाचं वेड परदेशातून आलेलं आहे असं कुणी समजू नये. बैलगाडा शर्यतींना सुप्रीम कोर्टानं १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली, तेव्हा आपल्या जिल्ह्यात गावोगाव गुलाल उधळला गेला. वेग माणसाला आवडतोच.

दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती बायकांनी नीट ऐकावी. वेगानं गाडी चालवताना डोक्यात दुसरं काही राहू शकत नाही. समोरचं वळण, ब्रेक कधी लावायचा, एवढंच. आपल्या बायकांच्या डोक्यात एका वेळी दहा गोष्टी असतात. गॅसवर दूध आहे, पोराची फी भरायची आहे, सासूबाईंची गोळी संपली आहे, मोटारीची लाईट रात्री येणार आहे. भाकरी करतानाही आपण भाकरीत नसतो. एक तास असा मिळावा की सगळं मन एकाच कामात आहे आणि ते काम आपल्याला आवडतं आहे, ही केवढी मोठी विश्रांती! आमच्या मते या गाडीच्या आनंदातला मोठा वाटा हाच असणार.

ही गाडी कुणाच्या गरजेची नाही, हे खरंच आहे. तिच्यात भाजीची पाटी बसत नाही. आपल्याकडच्या रस्त्यावरचा गतिरोधक लागला तर तिचं पोट घासेल. ती घेतात ती फक्त चालवण्याच्या आनंदासाठी. आणि किंमत? आजच्या नव्या फेरारी गाड्या आपल्याकडं काही कोटींना पडतात, त्यातली एखादी पाच कोटींच्याही पुढं जाते. आम्ही एक गंमत म्हणून हिशेब केला. दहाजणींचा गट, महिन्याला प्रत्येकीचे १०० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये. माउलींनी आपल्या नेवाशात पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९० साली. त्या वर्षापासून आपला गट एकही महिना न चुकता बचत करत आला असता, तर ७३५ वर्षांत आपल्याकडं ८८ लाख २० हजार रुपये असते, व्याज सोडून. म्हणजे गाडीचा एक दरवाजा आणि दोन चाकं आली असती.

तेव्हा ही गाडी आपण घेणार नाही, हे नक्की. मग एवढं बोलायचं कशाला? कारण या गाडीमुळं एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. गाडीच्या आनंदाचे दोन भाग असतात. एक मालकी, दुसरा चालवणं. गाडी माझी आहे, हा एक आनंद. गाडी मी चालवते आहे, हा दुसरा. दोन्ही एकत्र आले की तो पुरा होतो. आणि आपल्या बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा यातला अर्धाच येतो, नाहीतर एकही नाही.

आधी मालकीचं बघू. सचिन तेंडुलकरनं २००२ साली २९ वं कसोटी शतक ठोकून सर डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली. त्याबद्दल त्याला फेरारी भेट मिळाली. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकर या शर्यतीच्या बादशहानं ती त्याच्या हाती दिली. पण परदेशातून गाडी आणायची तर आयात शुल्क लागतं आणि ते गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होत होतं. सरकारनं ते माफ केलं, तेव्हा देशभर चर्चा झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी शुल्क भेट देणाऱ्या फियाट कंपनीनं भरलं. बघा, सचिनसारख्यालाही फुकट मिळालेल्या गाडीचा कागद सरळ झाल्याशिवाय सुटका नव्हती. पुढं काही वर्षांनी त्यानं ती गाडी विकली. २०१२ साली 'फेरारी की सवारी' हा सिनेमा आला, त्यात हीच गाडी गोष्टीच्या मध्यभागी होती. एका गरीब बापाला मुलाच्या क्रिकेटसाठी पैसे हवे असतात, अशी ती गोष्ट. टीव्हीवर लागला तर पोरांना घेऊन बघा.

आता चालवण्याचं. ज्या बाईंचा व्हिडिओ बैठकीत पाहिला, त्या डायना पंडोल. पुण्याच्या, दोन मुलांची आई, शाळेत शिकवलेल्या. वडिलांना शर्यतींचं वेड, ते लेकीत उतरलं. २०२४ साली चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून गटाचं अजिंक्यपद त्यांनी जिंकलं. कार शर्यतीत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय बाई. त्या शर्यतीत बायकांची वेगळी रांग नव्हती. सगळे पुरुष आणि त्यांच्यात या. पुढं त्या फेरारीच्या शर्यतीच्या गाडीपर्यंत पोहोचल्या आणि आखाती देशांतल्या शर्यतीत उतरल्या. गाडीला चालवणारा बाई आहे की बाप्या हे कळत नाही. तिला फक्त हात, पाय आणि नजर कळते.

हे आजचं झालं. पण गाडीची गोष्ट सुरू झाली तीच मुळी एका बाईच्या धाडसानं. जर्मनीत कार्ल बेंझ नावाच्या माणसानं पेट्रोलवर चालणारी गाडी बनवली. १८८६ साली तिचं पेटंट त्याच्या नावावर झालं. त्या कारखान्यात पैसा लागला होता त्याच्या बायकोचा, बर्थाचा. लग्नात मिळायचा तो पैसा तिनं आधीच मागून घेऊन कारखाना वाचवला होता. पण कागदावर तिचं नाव कुठंच नव्हतं. गाडी तयार झाली, तरी लोक घ्यायला धजत नव्हते. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बर्था उठली, दोन मुलांना घेतलं आणि नवऱ्याला न सांगता गाडी काढून थेट माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्ट्‌सहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. एवढ्या लांब तोवर कुणीच गाडी नेली नव्हती.

वाटेत काय काय झालं ऐका. इंधन संपलं, तर तिनं औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव विकत घेऊन टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली, तर टोपीला लावायच्या लांब पिनेनं मोकळी केली. तारेचं आवरण खराब झालं, तर मोजा बांधायच्या पट्ट्यानं ते झाकलं. ब्रेकचा लाकडी ठोकळा झिजला, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी उतरून गाडी ढकलली. संध्याकाळी माहेरी पोहोचली आणि नवऱ्याला तार केली. त्या प्रवासानं जगाला कळलं की ही गाडी खरंच चालते. मैत्रिणींनो, घरातल्या वस्तूनं अडलेलं काम चालवून नेणं हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? आपण रोज तेच करतो. बर्थानं ते गाडीवर केलं, एवढाच फरक.

आपल्या देशातही हे लवकर सुरू झालं. मुंबईत १९०५ साली सुझान टाटा, म्हणजे जे. आर. डी. टाटांच्या आई, मोटार चालवत होत्या. भारतात मोटार चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव सांगितलं जातं. त्या श्रीमंत घरच्या होत्या. पण पुढची नावं आपल्यासारख्या घरांतली आहेत. परभणीच्या शीला डावरे घर सोडून पुण्याला आल्या आणि १९८८ पासून रिक्षा चालवू लागल्या, देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक. साताऱ्याच्या सुरेखा यादव आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या, आणि १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत गाडी नेली. त्याच वर्षी जूनमध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड ते नीरा अशी लाल परी चालवली, तेव्हा एसटीच्या इतिहासात पहिल्यांदा बाई स्टिअरिंगवर बसली. वंदे भारत गाडीची ताकद फेरारीपेक्षा किती मोठी, विचार करा. आणि मागं शेकडो माणसांचा जीव.

आता आपल्या तालुक्यात येऊ. नेवासा फाट्यावर उभं राहून अर्धा तास रस्ता बघा. नगर ते संभाजीनगर हा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. पलीकडं वाळूजला मोटारसायकली बनतात, शेंद्र्याला मोटारी जोडल्या जातात. इकडं नगरला वाहनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, लष्कराच्या गाड्या तिथं तपासल्या जातात. रणगाड्यांचं संग्रहालयही नगरलाच आहे. म्हणजे आपण राहतो ते गाड्यांच्या मधोमध. पण त्या रस्त्यावर स्टिअरिंगवर किती बाया दिसतात? मागच्या सीटवर एका बाजूला बसून, एका हातानं पदर आणि एका हातानं पिशवी धरलेल्या किती दिसतात? मोजायची गरज नाही, आपल्याला उत्तर माहीत आहे.

गटांतल्या कर्जाच्या वह्या आम्ही बघतो. गाडीसाठी कर्ज घेतलेलं असतं. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या दुधाच्या पैशातून, आणि गाडीचं आरसी बुक घरच्या पुरुषाच्या नावावर. काही घरांत उलटं असतं. बाईच्या नावावर कर्ज नाहीतर अनुदान मिळतं म्हणून गाडी तिच्या नावावर घेतात, पण चावी त्यांच्या खिशात. तिला बँकेत जायचं असलं तरी "कुणी सोडतं का?" असं विचारत बसावं लागतं. पहिल्या ठिकाणी मालकी नाही, दुसऱ्या ठिकाणी चालवणं नाही. बर्थाची गोष्ट १८८८ ची असली तरी आपल्या घरात ती अजून चालूच आहे.

एका ताईंबरोबर आम्ही गाडीच्या शोरूममध्ये गेलो होतो. पैसे ताईंचे, त्यांनी शिलाईकामातून साठवलेले. तिथला माणूस सगळी माहिती सांगत होता बरोबर आलेल्या त्यांच्या दिरांना. ताईंनी विचारलं, "मायलेज किती देते?" त्यानं उत्तर दिलं दिरांकडं बघून. तेव्हा दीर म्हणाले, "अहो, गाडी वहिनींची आहे, त्यांना सांगा." असे दीर सगळ्या घरांत असोत. पण ते सोबत नसले तरी तुम्ही बोला. पैसे मोजणारा हात ज्याचा, प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं पाहिजे.

आणि आनंदाची गोष्ट सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर काही गावांत बायका स्कूटी शिकतात. पन्नाशी ओलांडलेल्या एक मावशी, नऊवारी नेसणाऱ्या. पहिले चार दिवस नुसत्या पाय टेकत टेकत चालल्या. पाचव्या दिवशी पाय वर घेतले आणि मैदानाला एक पूर्ण फेरी मारली. थांबल्यावर आम्ही विचारलं, "मावशी, कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "कानात वारा भरला गं. लहानपणी झोक्यावर भरायचा तसा." त्यांचा वेग असेल ताशी वीसचा. डायनाताईंचा त्याच्या दहापट. पण कानात भरलेला वारा दोघींचा एकच आहे, असं आम्हाला वाटतं. त्या बैठकीतल्या वहिनींच्या प्रश्नाचं खरं उत्तर मावशींनी दिलं.

म्हणून आम्ही म्हणतो, गाडी कामासाठी हवीच. दवाखाना, बँक, बाजार, पोराची शाळा. पण नुसत्या कामाचं कारण देऊनच ती मागायला हवी असं नाही. "मला चालवायला आवडतं" हेही कारण पुरेसं आहे. पुरुषांना कुणी विचारत नाही की मोटारसायकल एवढी मोठी कशाला घेतली. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीसाठी आपल्या कमाईतले चार पैसे बाजूला ठेवणं यात लाजायचं काही नाही. फक्त हिशेब पक्का हवा. हप्ता आपल्या महिन्याच्या कमाईतून भरता आला पाहिजे, पोराच्या फीमधून आणि औषधाच्या पैशातून नाही. मघाशी म्हटलं ना, ब्रेक चांगले असतील तरच पळायचं.

आता कामाच्या चार गोष्टी. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिली, लायसन्स. शिकाऊ लायसन्स आधार क्रमांकावरून घरबसल्या ऑनलाईन निघतं. सीएससी केंद्रातही भरून मिळतं. ते सहा महिने चालतं, आणि ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्ससाठी चाचणी देता येते. तोवर गाडीला 'एल' लावायचा. आणि लेकींबद्दल एक सूचना. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटी १०० सीसीच्या पुढच्या आहेत, त्यांना १८ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी मुलानं किंवा मुलीनं गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लाड करा, पण १८ नंतर.

दुसरी, आरसी बुक. गाडी ज्याच्या पैशातून, नाव त्याचं. एमएच १६ असो की एमएच १७, नंबराखाली कुणाचं नाव आहे ते वाचून घ्या. कर्जावर गाडी असेल तर आरसीवर बँकेचा बोजा असतो. हप्ते फिटले की बँकेकडून ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो बोजा उतरवून घ्या. पुष्कळजणी हप्ते फेडतात आणि हे करायचं राहून जातं, मग गाडी विकताना अडतं.

तिसरी, विमा. दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा कायद्यानं सक्तीचा आहे. त्याबरोबर मालक-चालकाचा स्वतःचा अपघात विमा असतो, १५ लाखांचा. तो मिळायचा तर मालकाकडं चालू लायसन्स पाहिजे. म्हणजे गाडी तुमच्या नावावर आहे पण लायसन्स नाही, तर त्या विम्याचा उपयोग तुम्हाला होणार नाही. मालकी आणि चालवणं ही दोन्ही एकाच हातात का हवीत, ते कायद्याच्या कागदातही दिसतं बघा.

चौथी, ज्यांना गाडीवर रोजगार करायचा आहे त्यांनी पिंक ई-रिक्षा योजनेची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करावी. योजनेत आपल्या अहिल्यानगरचा समावेश आहे. किमतीचा २० टक्के वाटा राज्य शासन देतं, ७० टक्के बँकेचं कर्ज, आणि १० टक्के आपले.

आणि एक गोष्ट पोरांना ऐकवण्यासाठी. शर्यतीची गाडी ट्रॅकवर पळते. तिथं समोरून कुणी येत नाही, वळणाला खडी नसते, अंगात आग न लागणारे कपडे असतात, डॉक्टर उभा असतो. आपल्या समृद्धी महामार्गावरसुद्धा मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि दुचाकीला तिथं बंदी आहे. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी, उसाच्या ट्रॉल्यांमधून, मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या मागं वेग दाखवण्यात कसली मर्दुमकी? डायनाताई घरची गाडी बाजारात हळूच चालवत असणार, याची आम्हाला खात्री आहे. वेगाचा आनंद ज्याला खरा कळला, त्याला वेग कुठं आवरायचा तेही कळतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं वहीत लिहावीत. आपल्या गटात किती घरांत गाडी आहे? त्यातल्या किती बाईच्या नावावर आहेत? आणि किती बायकांकडं लायसन्स आहे? आकडे लाजायला नको, लिहायला हवेत. सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारा. तिसऱ्या प्रश्नाचा आकडा दोननं जरी वाढला, तरी आजचं हे बोलणं कामाला आलं असं आम्ही समजू. ज्या गावात पाचजणी शिकायला तयार असतील, त्यांनी ग्रामसंघातून आम्हाला कळवा. मैदान, वेळ आणि शिकवणारी ताई, तिन्हीची सोय आपण मिळून करू.

रविवारी सकाळी थोडं लवकर उठा. घरच्या गाडीची चावी मागून घ्या. परत देताना ती खुंटीला अशी अडकवा की उद्याही तुमचा हात पोहोचेल. नमस्कार.